हाँगकाँगला आज्जी पाहिजेच

ट्रॅव्हल एजन्सीत नोकरी केली असं सांगितलं की लोकांचे डोळे चमकतात. "म्हणजे तुम्ही सगळं जग पाहिलं असेल!" मी विमानात पहिल्यांदा बसले ती निवृत्तीनंतर, तेही पुण्याहून दिल्लीला, भाचीच्या लग्नासाठी. जग मी पाहिलं ते टाइमटेबलच्या जाड पुस्तकात. सोलापुरात नवी पेठेत एका कापड दुकानाच्या माडीवर आमचं ऑफिस होतं. मालकांना सगळे अण्णा म्हणायचे. मी टायपिस्ट म्हणून लागले आणि अण्णांना विमान कंपन्यांशी इंग्रजीत पत्रव्यवहार करायचा भारी कंटाळा, म्हणून हळूहळू परदेशाचं टेबल माझ्याकडे आलं.

सत्तरच्या दशकात परदेशी जाणं काय होतं, ते आजच्या मुलांना सांगून पटत नाही. पासपोर्ट मुंबईहून यायचा, त्याआधी पोलीस घरी येऊन चौकशी करायचा. देवीची आणि कॉलऱ्याची लस टोचल्याचं पिवळं पुस्तक लागायचं. बँक माणशी मोजके डॉलर द्यायची आणि तेही पासपोर्टवर लिहून. जागा पक्की करायला मुंबईला ट्रंक कॉल लावायचा आणि तो लागेपर्यंत दुसरी कामं उरकायची. या सगळ्या पायऱ्यांवर एकच गोष्ट भरून राहिलेली असायची, ती म्हणजे संशय. पोलिसाला वाटायचं, हा गडी काहीतरी करून पळतोय. बँकेला वाटायचं, हा डॉलर दडवणार. गिऱ्हाइकाला वाटायचं, हे लोक पैसे घेऊन रातोरात पाटी उतरवणार. जेऊरचे एक निवृत्त हेडमास्तर मुलाकडे लंडनला जाणार होते. तिकिटाची रक्कम भरल्यापासून ते दर शनिवारी रेल्वेने सोलापूरला यायचे, रस्त्यावरूनच आमची पाटी जागेवर आहे का ते बघायचे आणि परतीची गाडी पकडायचे. एकदा मीच वरून हाक मारली, "गुरुजी, चहा तरी घेऊन जा." ते इतके ओशाळले की पुढच्या शनिवारी समोरच्या फुटपाथवरून गेले.

आम्हीही गिऱ्हाइकावर संशय घ्यायचो. घ्यावाच लागायचा. चूक झाली तर जाब आम्हालाच विचारला जायचा. पण एका कुटुंबाच्या बाबतीत मी जो संशय घेतला, त्याचं ओझं वेगळं होतं. तेच आज सांगते.

आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मल्लिनाथ नावाच्या एका तरुण कारखानदाराचे टॉवेलचे माग होते. घर मूळचं मंद्रूपचं, लिंगायत. घरात आईशी कन्नड आणि बाजारात मराठी. बायको सुनंदा, दोन मुली आणि विधवा आई गौरव्वा, एवढंच कुटुंब. मल्लिनाथ भला माणूस, पण त्याला एक रुखरुख होती. बरोबरीचे लोक बाहेर जाऊन आले आणि आपण मुंबईच्या पुढे गेलो नाही, ही.

एके दिवशी तो, सुनंदा आणि सुनंदाचा मावसभाऊ अशोक असे तिघे जिना चढून आले. अशोक मुंबईत राहायचा. अंगात सफारी, मनगटावर सोनेरी घड्याळ, बोलायला अतिशय गोड. त्यानं माझ्या टेबलावर एक रंगीत माहितीपत्रक पसरलं. हाँगकाँगला समुद्राकाठी, डोंगराच्या उतारावर नवी मोठी बाग झाली होती. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला तारेवरच्या डब्यांतून जायचं, खाली निळा समुद्र. पलीकडे डॉल्फिन मासे उड्या मारून चेंडू झेलतात.

"माझ्याकडून भाच्यांना भेट," अशोक म्हणाला. "तिकिटं माझ्याकडनं, हॉटेल माझ्याकडनं. भाऊजींनी फक्त सुट्टी काढायची. जमलं तर तिथल्या एक-दोन व्यापाऱ्यांना टॉवेलही दाखवू."

मल्लिनाथ हसत म्हणाला, "नाही म्हणायला काय जातंय ओ बाई, पण मेव्हणा ऐकत नाही की."

मला असल्या सहलीची आखणी करायला फार आवडायचं. मुलं बरोबर असली की बागेचा दिवस मधे ठेवायचा. पहिल्या दिवशी मुलं पेंगतात आणि शेवटच्या दिवशी आया बॅगा भरण्यात असतात. एक दिवस बंदरातली बोट, एक दिवस डोंगरावर सरळ चढणारी ट्राम. मी उत्साहानं कागदावर मांडायला लागले, तर अशोकनं हात हलवला. "ते तुम्ही काहीही करा बाई. परत मात्र मंगळवारच्या संध्याकाळच्या विमानानंच यायचं. मुंबईला उतरणारं. त्यात बदल नको."

इथे मला पहिल्यांदा खटकलं. सुट्टीला निघालेला माणूस जायच्या दिवसाबद्दल बोलतो. हा फक्त यायच्या विमानाबद्दल बोलत होता. ते विमान मला माहीत होतं. त्याच वेळेला मुंबईत आणखी दोन-तीन विमानं उतरायची आणि सामानाच्या तपासणीला एवढी झुंबड उडायची की आमची गिऱ्हाइकं ते विमान टाळायला सांगायची.

दुसरी गोष्ट आज्जीची. मल्लिनाथ म्हणाला, "अव्वाचे गुडघे दुखतात. तिला बहिणीकडं ठेवू." अशोक चटकन म्हणाला, "छे छे! आज्जी पाहिजेच. आज्जीशिवाय कसली फॅमिली ट्रिप?" सुनंदाला भरून आलं. सासूचा एवढा विचार माहेरचं माणूस करतंय म्हटल्यावर कुठल्याही सुनेला बरं वाटेल. मला मात्र वाटलं, ज्या बागेत चढउतारच आहेत तिथे दुखऱ्या गुडघ्यांची बाई कशाला हवी? शिवाय बँकेचे डॉलरही घेऊ नका, असं तो म्हणाला. तो स्वतः आधी जाणार होता, वेगळ्या विमानानं, आणि परतही वेगळाच येणार होता.

मुंबईच्या एजंटांकडून असल्या गोष्टी कानावर यायच्या. फुकट सहल म्हणून साध्या घरातल्या लोकांना हाँगकाँग-सिंगापूरला न्यायचं आणि येताना त्यांच्या हातात आपल्या बॅगा द्यायच्या. बॅगेच्या तळाशी घड्याळं नाहीतर सोनं. लहान मुलं आणि कपाळाला विभूती लावलेली म्हातारी बरोबर असली की अधिकाऱ्याचा हात सैल पडतो. पकडले गेले तर ज्याच्या हातात बॅग, तो गुन्हेगार. बॅग देणारा दुसऱ्या विमानात.

मी अण्णांना सांगितलं. अण्णांनी पेपर खाली न ठेवताच विचारलं, "पुरावा?"

"नाही."

"मग तिकीट काढा. आपण तिकीट विकतो, कुणाची अब्रू मोजत नाही."

ते चुकीचं बोलत नव्हते. सोलापूर तेव्हा एवढंसं गाव. एखाद्याच्या मेव्हण्याला मी स्मगलर म्हटलं आणि तो तसा नसला तर? तरी लसीची पुस्तकं द्यायच्या निमित्तानं मी मल्लिनाथच्या कारखान्यात गेले. मागांच्या खडखडाटात बोलणं अशक्य, म्हणून आम्ही बाहेर सायकलींच्या रांगेपाशी उभे राहिलो. मी आडून आडून बोलले. येताना दुसऱ्याचं सामान घेऊ नका. विमानतळावर, बॅग कुणी दिली हे कुणी ऐकत नाही.

मल्लिनाथचा चेहरा लगेच उतरला. "दुसऱ्याचं म्हणजे कुणाचं, बाई?"

"कुणाचंही."

"अशोकबद्दल बोलताय तुम्ही." त्यानं पुस्तकं माझ्या हातातून घेतली. मग म्हणाला, "माझ्या घरच्या कुणी काही चांगलं करायचं म्हटलं की लोकांना पोटात दुखतंय. तुम्ही तिकिटाचं बघा ओ. घरातलं आम्ही बघू."

तो आत गेला. मी रिक्षा मिळेपर्यंत उन्हात उभी राहिले आणि स्वतःवर चिडले. बोलले ते धड स्पष्टही नव्हतं आणि गप्प बसले तसंही नव्हतं.

चार-पाच दिवसांनी गौरव्वा एकटीच ऑफिसात आली. हिरवं इरकल, गळ्यात लिंग ठेवायची चांदीची डबी, करडी, कपाळावर विभूतीचे पट्टे. जिना चढताना गुडघ्यानं तिला दमवलं होतं. ती पाणी प्यायली, अण्णा जेवायला घरी गेलेत याची खात्री केली आणि माझ्यासमोरच्या खुर्चीत बसली.

"बाई, एक इचारू? मला याक नेतात?"

याक म्हणजे का. तिचं मराठी असं मधेच कन्नडमध्ये उतरायचं.

"फिरायला, आज्जी."

"मला फिरवायला? आजवर त्या पोरानं मला कधी 'जेवलीस का' म्हनून इचारलं न्हाय. आता येतंय, पाया पडतंय, आज्जी आज्जी करतंय. परवा म्हनलं, आज्जी, येताना तुमच्या अंगात घालायला मी एक जाड बंडी देतो, विमानात लई थंडी असतीया. मंगळवारी सांजंला मुंबईत उतरायचं म्हनं. मुंबईत कसली वं थंडी?"

मी तिला जे ऐकून होते ते सगळं सांगितलं आणि हेही सांगितलं की माझ्याकडे पुरावा काही नाही. ती शांतपणे ऐकत होती.

"मल्लूला सांगितलं?"

"सांगितलं. रागावले."

"माझ्यावर बी रागवल. सून म्हनल, माज्या माहेरच्याचं चांगलं हिला बघवत न्हाय." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "त्याच इमानानं यायाचं, ह्याच्यावर लई जोर हाय न्हवं त्याचा? दुसऱ्या वाटंनं आलं तर?"

"कलकत्त्याला उतरता येतं."

"कलकत्त्यापासनं काशी कुटं ऱ्हाती?"

"जवळच. एका रात्रीची गाडी."

तिनं मान हलवली आणि उठली. जिन्यापाशी वळून म्हणाली, "मी आल्ते म्हनून सांगू नका."

तिकिटं लिहायच्या दिवशी सगळेच आले. मुलींना सुनंदानं सारखे फ्रॉक शिवले होते. धाकटी माझ्याकडच्या माहितीपत्रकातल्या डॉल्फिनवर बोट ठेवून बसली होती. मी कार्बन लावला, पेन उघडलं, तेवढ्यात गौरव्वा म्हणाली, "बाई, येताना आमाला कलकत्त्याला उतरवा. मला काशी करायचीया."

मल्लिनाथ दचकला. "अव्वा, हे काय मधीच?"

"मधीच कुटं? एवढं लांब जातोय. इश्वनाथाला बाजूला टाकून नुसतं मासं बघून यायाचं व्हय?"

सुनंदा बिचारी भाबडी. तिला ते पटलं. "खरंच की ओ. काशी होईल सगळ्यांची. दादा, चालेल ना?"

मी अशोककडे बघत होते. तो आधी हसला. "आज्जी, काशीला मी तुम्हाला नंतर मुंबईहून विमानानं पाठवतो. खास."

"नंतर कुनी बगितलंय? आत्ताच."

"तिकिटं ठरलीत आज्जी."

"अजून लिवली न्हाईत. बाईंचं पेन उघडंच हाय."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "बदल करता येईल. फरकही फार नाही." त्याच्या कपाळावर घाम आला होता. पंखा जोरात फिरत होता. मग मल्लिनाथनंच तोडगा काढला, "असं करू. आम्ही चौघं ठरल्याप्रमाणं मंगळवारी येतो. अव्वा इथंच राहू दे. काशीला तिला मी दिवाळीनंतर नेतो."

"आज्जीशिवाय नको," अशोक म्हणाला. इतका वेळचा गोडवा त्या दोन शब्दांत पार संपला होता.

मला वाटलं, आता मल्लिनाथला दिसेल. एवढं उघडं पडलेलं कुणालाही दिसेल. पण माणसाला जे बघायचं नसतं ते त्याला टेबलावर आणून ठेवलं तरी दिसत नाही. तो आईवर उखडला. "तुझ्या हट्टापायी पोरींची ट्रिप बुडवतेस!" गौरव्वा खाली मान घालून बसली. अशोक, मुंबईला फोन करून येतो, असं म्हणून खाली उतरला आणि परत आला नाही. दुसऱ्या दिवशी तार आली की धंद्याच्या अडचणीमुळे सहल रद्द.

पुढचे महिने वाईट गेले. मल्लिनाथ रस्त्यात दिसला की तोंड फिरवायचा. बाजारात त्यानं सांगितलं, त्या ऑफिसातली बाई लोकांच्या घरात भांडणं लावते. अण्णांनी मला बोलून घेतलं आणि बरेच दिवस मला गिऱ्हाइकासमोर बसू दिलं नाही. सुनंदानं सासूशी बोलणं टाकलं. गौरव्वा एक पिशवी घेऊन मंद्रूपच्या बंद घरात राहायला गेली.

मीही तेव्हा डळमळले होते. खरंच त्या माणसाला म्हाताऱ्या माणसांची माया असेल तर? बंडी थंडीचीच असेल तर? दोन मुलींचे डॉल्फिन आणि एका बाईचं घर, दोन्ही आपण नुसत्या वासावर मोडलं का? हा प्रश्न मनात घेऊन मी रोज टाइप करत होते.

मग एका दुपारी मुंबईहून कस्टम्सचे एक अधिकारी आले. साध्या कपड्यात, हळू आवाजात बोलणारे. त्यांनी अशोकचं नाव घेतलं. तो सापडला होता. दुसऱ्या कुठल्याशा गावचं एक कुटुंब विमानतळावर पकडलं गेलं आणि त्यांच्या बोलण्यातून हा निघाला. त्या कुटुंबातल्या म्हाताऱ्या बाईच्या अंगातल्या बंडीत सोनं शिवलेलं होतं.

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण साहेब माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होते ती नजर मला ओळखीची होती. गिऱ्हाइकांकडे मीही तसंच बघायची. "तिकिटं अगदी लिहिता लिहिता रद्द झाली. का?"

"आज्जींना काशीला जायचं होतं."

"तुम्हाला आधी काही माहीत होतं?"

"संशय होता."

"मग कळवलं का नाही?"

"कुणाला कळवायचं? आणि काय? की एक माणूस आज्जीला न्यायचंच म्हणतोय?"

त्यांनी माझं उत्तर लिहून घेतलं आणि दोनदा वाचलं. मग ते मल्लिनाथकडे गेले आणि त्याला दिवसभर बसवून ठेवलं. तो अशोकबरोबर कुठंच गेला नव्हता, कुठली बॅग उचलली नव्हती, म्हणून सुटला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो ऑफिसात आला. दाढी वाढलेली. खुर्ची पुढे केली तरी बसला नाही. मग म्हणाला, "बाई, माझ्यासंगं मंद्रूपला येता का? एकट्याला अव्वासमोर उभं राहवत नाही ओ."

अण्णांनी मला खुणेनंच जा म्हटलं.

गौरव्वा अंगणात पोत्यावर मिरच्यांची देठं काढत बसली होती. आम्हाला बघून उठली नाही. मुली कुणाकडे आहेत, शाळेत जातात का, एवढं तिनं विचारलं. मल्लिनाथ तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. अधिकारी, बंडी, ते दुसरं कुटुंब. शेवटी म्हणाला, "अव्वा, चुकलं माझं. घरी चल."

तिनं हातातली मिरची खाली ठेवली. "त्या सायबानं सांगितलं म्हनून आलास. सायेब आला नसता तर?"

त्यानं आईचा हात धरला. तिनं धरू दिला. वातावरण हलकं करायला मी म्हटलं, "आज्जी, आता काशीचं तिकीट काढू का खरंच?"

"मला कुटं जायाचं होतं काशीला? माजं सगळं सोलापूरच्या सिद्धरामापाशी." जराशी हसली. मग एकदम गंभीर होऊन माझ्याकडे वळली. "बाई, ती म्हातारी कोन?"

"कोणती?"

"बंडी घातलेली. माज्या जागी जी गेली ती. सुटली का ती?"

मी म्हटलं, माहीत नाही. मल्लिनाथलाही माहीत नव्हतं. आम्ही दोघांनी अधिकाऱ्याला सगळं विचारलं होतं, तेवढं सोडून.

ती आमच्याबरोबर आली नाही. पंधरा-वीस दिवसांनी आली, एसटीनं, एकटी. न्यायला कुणी यायचं नाही असा निरोप आधीच धाडला होता. सुनंदानं दारात पाणी दिलं, दोघी रडल्या आणि घर पुन्हा सुरू झालं. मी त्या अधिकाऱ्यांना पत्र लिहिलं, मुंबईला ट्रंक कॉल लावला. असली माहिती देता येत नाही, एवढंच उत्तर मिळालं. ते कुटुंब कुठलं, त्यांची तिकिटं कुणी काढली, त्या एजंटाला काही खटकलं होतं का, हे मला कधीच कळलं नाही. कळलं असतं तर त्याला मी एक प्रश्न विचारला असता. तो काय, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

पुढे माझ्या टेबलावरून पुष्कळ कुटुंबं हाँगकाँग-सिंगापूरला गेली. मुलांनी तारेवरच्या डब्यातले फोटो आणून दाखवले. गौरव्वा सिद्धरामाच्या दर्शनाला गेली की परत जाताना कधीमधी जिना चढून यायची. पाणी प्यायची. अण्णांची तब्येत विचारायची. मग खुर्ची जरा पुढे ओढून विचारायची, "त्या बाईचं काय कळलं?"

मी नाही म्हणायची. ती "बरं" म्हणून उठायची आणि भिंतीला हात लावत एकेक पायरी उतरायची.